खालची फांदी

पोहायला कुणी शिकवलं, हे मला सांगता येतं. काकानं. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधला आणि विहिरीच्या पायरीवरून ढकलून दिलं. सायकल थोरल्या भावानं शिकवली. ‘धरलंय, धरलंय’ म्हणत त्यानं हात कधी सोडला, ते टपाल नाक्याशी पोचल्यावर कळलं. पोळ्या, पाढे, रांगोळीचे ठिपके, सगळ्याला कुणी ना कुणी गुरू आहे. झाडावर चढायला कुणी शिकवलं, असं विचारलं की मात्र माझ्या वयाचा पनवेलकर घुटमळतो. शिकवलं नव्हतंच कुणी. मनाई तेवढी सगळ्यांनी केली होती.

मला वाटतं, शिकवायचं काम खालची फांदी करत होती. लाईन आळीतल्या आमच्या घराच्या मागीलदारी एक रायवळ आंबा होता. त्याची सगळ्यात खालची फांदी माझ्या वडिलांच्या डोक्याच्याही वीतभर वर. ज्याचा हात तिथं पोचत नाही, आणि खोडाला मिठी मारून, तळपाय सालीला चिकटवून ज्याला तेवढं अंतर सरकत जाता येत नाही, त्याचा झाडाशी अजून संबंध नाही. त्यानं खाली उभं राहायचं, कैऱ्या झेलायच्या, मीठ-तिखटाची पुडी सांभाळायची. मग एखाद्या मे महिन्यात हात पोचायचा. हात पोचला म्हणजे झालं असंही नाही. लोंबकळून पाय वर टाकायला दंडात आणि पोटात जोर लागतो, आणि तो नसला की माणूस दुधी भोपळ्यासारखा लटकत राहतो. खालची पोरं हसतात. हात सोडायचा, उतरायचं, पुन्हा पुढच्या आठवड्यात. उंची किती आणि बळ किती, हे फांदी अशी रोखठोक तपासून घ्यायची, आणि तिथं वशिला चालत नसे.

तो चालू नये असा बंदोबस्त पोरांनीच केला होता. कुणी कुणाला उचलून वर चढवायचं नाही, हा आळीतला कायदा. धाकटी भावंडं रडायची, पाय आपटायची, ‘आईला नाव सांगेन’ म्हणायची, तरी नाही. ‘चढवशील रे, पण उतरवायला कोण येणार?’ हा मोठ्या पोरांचा सवाल असे. त्याला उत्तर नव्हतं. बारा-तेरा वर्षांच्या, नाक पुसायची शुद्ध नसलेल्या पोरांनी काढलेला तो नियम मला आजही पुष्कळ सूचनाफलकांपेक्षा शहाणा वाटतो. जो आपल्या जोरावर वर गेला, त्याच्या अंगाला ती वाट माहीत झालेली असते. ज्याला उचलून ठेवला, तो वर पोचतो, पण वाट त्याच्याजवळ नसते.

एकदा खालची फांदी पार केली की पुढचा अभ्यास झाडागणिक निराळा. शेवग्यावर कुणी पाय ठेवत नसे. दिसायला मोठं झाड, पण लाकडात दम नाही. शेंगा आकडीनंच काढायच्या. पांगाऱ्याला काटे. पेरूची साल गुळगुळीत, पण फांद्या चिवट, म्हणून नवशिक्यांची सुरुवात पेरूवर. जांभूळ दगाबाज. मांडीएवढी फांदी बघून निर्धास्त बसावं आणि काडकन आवाज यावा. जूनच्या तोंडावर जांभळं टोकाला लागलेली असतात आणि मोह नेमका तिकडे ओढतो. म्हणून जांभळावर बुंध्याजवळ बसायचं आणि फांदी हलवायची, टोकाला जायचं नाही. चिंच त्याच्या उलट. मनगटाएवढी फांदी वाकेल, खालीवर झुलेल, पण मोडणार नाही. इतकं विश्वासू झाड असून भुतं मात्र चिंचेवरच राहायची. चिंचेवर हडळ, पिंपळावर मुंजा. भर दुपारी आणि तिन्हीसांजेला चिंचेखाली जायचं नाही, अशी आजीची ताकीद. आता कळतं, त्या दोन वेळा म्हणजे मोठी माणसं वामकुक्षीत किंवा दिवाबत्तीत आणि पोरांवर कुणाचं लक्ष नाही, अशा. पगार न घेता राखण करणारी भुतं होती ती.

आंब्यावर अडचण तांबड्या मुंग्यांची. पानाला पान शिवून त्यांनी चेंडूएवढी घरं केलेली असायची. घराला धक्का लागला की त्या कॉलरमधून आत शिरायच्या. दोन्ही हात फांदीला, अंगावर मुंग्या, आणि हात सोडला तर खाली दगडी डोणी, गुरांच्या पाण्याची. अशा वेळी ओरडायचं, शिव्या घालायच्या, रडायचं, पण हात सोडायचा नाही. एका वेळी एकच काही हलवायचं, एक हात किंवा एक पाय. बाकीचे तिन्ही पक्के. हे कुणी नियम म्हणून सांगितलं नव्हतं. पुढं एका गिर्यारोहण शिबिराचं माहितीपत्रक हातात आलं, त्यात हेच ठळक अक्षरांत छापलेलं. मला हसू आलं. मुंग्यांनी आमच्याकडून घोटून घेतलेला धडा तिथं फी भरून मिळत होता.

चढण्याबद्दल सगळे बोलतात, उतरण्याबद्दल कुणी बोलत नाही. वर जाताना पुढची फांदी दिसत असते, कैरी दिसत असते, डोळ्यांपुढं काहीतरी असतं. उतरताना तोंड खोडाकडे. नाकापुढं दोन बोटांवर साल, सालीच्या भेगेत वाळलेला चीक, त्यावरून जाणारी मुंगळ्यांची रांग. खाली काय आहे ते बघायला मान वळवली की तोल जातो. मग पाय सोडायचा आणि तो हवेत चाचपत राहतो. मघाशी इथंच तर होती ती फांदी. अंगठा पुढं, मागं, डावीकडं. पोट सालीवर घासतं, फ्रॉकचं एखादं बटण तुटतं. हातांना घाम आलेला. खाली भाऊ सांगतोय, ‘अजून खाली, अजून खाली, आता डावीकडं’, आणि त्याचं डावं म्हणजे आपलं उजवं. मग अंगठ्याला ती खडबडीत गोल जागा लागते. तिच्यावर लगेच भार टाकायचा नाही. आधी दोनदा दाबून बघायची, मग अर्धा भार, मग सगळा. ही दोनदा दाबून बघायची सवय माझ्या पायांत राहिली आहे. पावसाळ्यात ओल्या जिन्यावरून उतरते तेव्हाही पाय आपसूक तसं करतो.

मैदानी खेळांची स्पर्धा भरते तेव्हा आपण खो-खो, कबड्डी, लंगडी म्हणतो. सूरपारंब्या कुणी घेत नाही. घ्यायचा म्हटला तर आधी वड लागेल. जमिनीवर रिंगण आखायचं. एकानं पाय उचलून पायाखालून हातभर काठी लांब भिरकवायची. ज्याच्यावर राज्य त्यानं धावत जाऊन ती आणून रिंगणात ठेवायची. तोवर बाकीचे सगळे वडावर पसार. मग राज्यवाल्यानं चढून कुणाला तरी शिवायचं. पण तो वर चढला की दुसऱ्या बाजूनं कुणीतरी पारंबीवरून सरसर खाली उतरून काठीला हात लावतो, की राज्य पुन्हा त्याच्यावरच. म्हणजे चढून पकडू की खाली काठी राखू, हा पेच कायम. दमलेला राज्यवाला रडकुंडीला येई आणि वरून सगळे त्याला चिडवत. पनवेलमध्ये तळ्यांना तोटा नाही, वडाळे, कृष्णाळे, इस्रायल. तळ्याकाठी वडही होते. एका वडाच्या पारंब्या पोरांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या मी पाहिल्या आहेत. शिवाशिवीचा डाव आणि लपंडाव जगभर असतील. पण खेळायला अख्खं झाड लागतं आणि झाडही पारंब्यांचंच लागतं, असा खेळ जिथं वड आहेत तिथलीच पोरं रचणार.

तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता; रायगड झाला १९८१ मध्ये. गावातल्या झाडांवर हात बसला की नजर कर्नाळ्याच्या किल्ल्याकडे जायची. पेणकडे जाणाऱ्या एसटीनं थोड्या वेळात पायथा. १९६८ मध्ये तिथं पक्षी अभयारण्य झालेलं, पण आम्हाला पक्ष्यांशी देणंघेणं नव्हतं. आम्हाला तो सुळका हवा होता. पनवेलहून दिसणारा, आभाळात रोवलेला अंगठा. त्याच्यावर कुणी जायचं नाही, हे ठरलेलं. कातळावर आग्या मोहोळं लोंबत असत. सहलीला नेणारे गुरुजी शेकोटी, विडी-काडी, मोठ्यानं हाका, सगळं बंद म्हणून सांगत, आणि हा एकच हुकूम आम्ही मनापासून पाळला. किल्ल्याच्या अलीकडे शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. एडनच्या तुरुंगात कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उचकटून वासुदेव बळवंत निसटले होते, ही गोष्ट इतिहासाच्या तासाला ऐकल्यापासून आळीतला प्रत्येक पोरगा आंब्यावरून परसाच्या भिंतीवर आणि भिंतीवरून पलीकडच्या बोळात उडी मारताना वासुदेव बळवंत असायचा. मीही. मुलींना ही भूमिका नाही, असं एकानं सुचवलं, त्याला मी आधी उडी मारून दाखवली.

ते दिवस फार पुरले नाहीत. बाराव्या-तेराव्या वर्षी एके दिवशी आजीनं ओसरीवरून हाक मारली, ‘उतर गं खाली, घोडी झालीस आता.’ आवाजात राग नव्हता, झालं एवढंच. भावाला ती हाक कधीच आली नाही. तो मिशी फुटल्यावर आपण होऊन थांबला. माझ्या वयाच्या बायकांना विचारावं तर प्रत्येकीला आपलं शेवटचं झाड आठवतं आणि ते सोडायला लावणारं माणूसही आठवतं. पुरुषांना तसं शेवटचं झाड नसतं. त्यामुळे ‘आमच्या लहानपणी कशी मोकळीक होती’ असं भरल्या गळ्यानं कुणी म्हणू लागलं, की मला आधी विचारावंसं वाटतं, कुणाला?

आणखी एक गोष्ट त्या भरल्या गळ्यात बसत नाही. मे महिन्यात बाजारात कातकरी आणि ठाकूर बायका पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदं आणि जांभळं घेऊन बसायच्या. जांभळं झाडावरून उतरवलेली असायची त्यांच्या पोरांनी. आमच्यापेक्षा लहान, आमच्यापेक्षा उंच चढणारी पोरं. त्यांना कुणी ‘उतर खाली’ म्हणत नव्हतं. रिकामी टोपली घेऊन खाली उतरून त्यांना चाललं नसतं. आम्ही ज्याला धाडस म्हणत होतो, ते त्यांच्या घरी मीठ-मिरचीचं साधन होतं. कैरी चोरताना आम्हाला जी धडधड व्हायची, ती त्यांना होत असेल का, हे आम्ही कधी विचारलं नाही.

आणि एक फोटो आहे. आमच्या पलीकडच्या आळीतल्या एका घरात, आत शिरताच समोरच्या भिंतीवर. शाळेचा गणवेश, तेल लावून चोपून बसवलेले केस, एका बाजूला भांग, डोळे फोटोग्राफरकडे नाहीत, थोडे बाजूला, कुणीतरी हाक मारल्यासारखे. दरवर्षी चंदनाचा नवा हार. तो विहिरीत मुटका मारायला गेला होता, काठावरचा दगड सुटला. त्या घरात ‘पूर्वीची पोरं कशी दणकट’ हा विषय कुणी काढत नसे. आम्ही सगळे धडधाकट राहिलो आणि आता लेख लिहितो. जे राहिले नाहीत त्यांचे लेख कुठं आहेत? धोक्याच्या आठवणी नेहमी वाचलेल्यांच्याच असतात. एवढं मान्य करूनच पुढचं बोलावं, नाहीतर बोलू नये.

पुढचं हे, की झाडं गेली म्हणून धोका गेला नाही. तो मधल्या पायऱ्या गाळून थेट वर गेला.

पनवेल बदललं, त्याची यादी देत बसत नाही. १९७० मध्ये सिडको आली, भातखाचरांवर नवं पनवेल उभं राहिलं, १९९८ पासून मुंबईची लोकल थेट येऊ लागली. २०१६ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पळस्पे फाट्यापासून गोव्याचा रस्ता रुंद झाला तेव्हा कडेची कितीतरी जुनी झाडं गेली. उलव्याची अख्खी टेकडी विमानतळासाठी सपाट केली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला त्या विमानतळाचं उद्घाटन झालं. टेकडीचं असं होतं, तिथं आंब्याची काय कथा. पण शनिवारी पहाटे स्टेशनबाहेर उभं राहिलं तर वेगळीच गर्दी दिसते. पाठीवर नवी कोरी सॅक, पायांत नवे बूट, हातात काठी. ठाकूरवाडीकडे जाणाऱ्या सहाआसनी रिक्षांपाशी घासाघीस. ही मंडळी कलावंतिणीवर निघालेली. प्रबळगडाशेजारचा तो सुळका, समुद्रसपाटीपासून दोन हजारांहून जास्त फूट, कातळात खोदलेल्या ओबडधोबड पायऱ्या, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. गडाच्या माचीवरची ठाकूर माणसं तिथून पाण्याचा हंडा घेऊन येतील. पण यातली कितीतरी मुलं आयुष्यात पहिल्यांदा उंचीला भेटणार ती इथं. मधल्या पायऱ्यांवर बसून रडणारी वीस-बावीस वर्षांची तरणीताठी पोरं मी पाहिली आहेत. पाय हवेत टाकून फांदी चाचपायची, ते त्यांना जमत नव्हतं. त्यांना हसावंसं मला वाटलं नाही. सहा फुटांवरून एकदा पडून, गुडघा फोडून, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच झाडाखाली जायची सोय त्यांना कुणी ठेवलीच नव्हती.

पाण्याचं तेच. खारघरच्या पांडवकड्यावर पावसाळ्यात जायला बंदी असते, पोलीस उभे असतात, तरी माणसं आडवाटेनं शिरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथं कॉलेजच्या चार मुली वाहून गेल्या. डोंगरात पाऊस लागला की ओढ्याचं पाणी आधी गढूळ होतं, मग काटक्या-पाला येतो, आणि मग लोंढा. गाढी नदीकाठच्या पोरांना हे न शिकवता कळायचं, कारण ती रोज तिथंच असायची. रोज दिसणाऱ्या पाण्याचा स्वभाव कळतो. वर्षातून एकदा भेटणाऱ्या पाण्याचा फक्त फोटो येतो.

नॉर्वेच्या एलन सँडसेटर या संशोधक बाईंनी २००७ मध्ये बालवाडीतल्या मुलांच्या खेळांतल्या जोखमीची सहा गटांत विभागणी केली: उंची, वेग, धारदार अवजारं, आग-पाण्यासारख्या जागा, झोंबाझोंबी आणि एकट्यानं भटकून वाट चुकणं. मी ते वाचलं तेव्हा मनात आलं, हे सहाही प्रकार आमच्याकडे दुपारच्या जेवणाआधी उरकायचे. कोयत्यानं शहाळं सोलणं धरून. न्यूझीलंडमध्ये ड्यूनेडिन गावी १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. त्यातून निघालेली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. पाच ते नऊ या वयात पडून ज्यांना जबर लागलं, ती मुलं पुढं उंचीला घाबरत असतील, असं कुणालाही वाटेल. अठराव्या वर्षी विचारलं तेव्हा निघालं उलट: उंचीची भीती नसलेल्यांतच लहानपणी पडलेले जास्त. यावरून कुणी पोरांना पाडू नये. जात्याच धीट असलेली पोरं जास्त चढतात, म्हणून जास्त पडतात, असाही त्याचा अर्थ लागतो. पण पडण्यानं भीती बसते, हे आपण डोळे झाकून धरून चालतो, ते तितकंसं खरं नाही, एवढं तरी त्यातून दिसतं.

मोठ्या माणसांनी हात लावला की मात्र गणित बदलतं. दहीहंडीच्या वरच्या थरावर कोवळी पोरं चढवायची चढाओढ लागली, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात १४ वर्षांखालच्या मुलांना थरात घ्यायचं नाही, असं ठरलं. मला तो निकाल पटला, आणि झाडावर चढू द्यावं असं म्हणणाऱ्या बाईला तो कसा पटला, असं मला विचारलंही गेलं. पटला, कारण हंडीवरचं पोर स्वतःच्या मापानं वर गेलेलं नसतं. बक्षिसाच्या मापानं गेलेलं असतं. आमच्या आळीतल्या पोरांनी त्याला खालूनच परत पाठवलं असतं.

आता मी राहते त्या सोसायटीची जागा म्हणजे पूर्वीची वाडी. बिल्डरनं लावलेली झाडं अशोक आणि रॉयल पाम. कधी नीट पाहिलंय का त्यांच्याकडे? पामला फांदीच नाही. अशोकाच्या फांद्या खाली झुकलेल्या आणि बोटाएवढ्या, मांजरही चढणार नाही. शोभेची म्हणून लावलेली ही झाडं पोरांच्या दृष्टीनं नुसते खांब. पण कोपऱ्यात जुन्या वाडीतला एक आंबा राहून गेला आहे. कापायची परवानगी मिळाली नाही म्हणून राहिला. १९७५ च्या कायद्यानं शहरातल्या झाडांना संरक्षण आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड म्हणजे वारसा. म्हणजे आमच्या आंब्याला हात लावता येत नाही. पोरांनी पाय लावला तर मात्र तक्रार येते.

गेल्या उन्हाळ्यात ती आली. तळमजल्यावरच्या एका बाईंच्या खिडकीवर कैरी पडली, आणि तिच्यामागोमाग एका पोराची चप्पल. कमिटीची सभा बसली. ‘पडला तर जबाबदारी कोणाची?’ असा पहिला प्रश्न आला, आणि सभेत हा प्रश्न एकदा आला की पुढं कुणी काही बोलत नाही. तरी मी बोलले. म्हटलं, खालची फांदी पुरुषभर उंचीवर आहे, जो तिथवर आपल्या हातानं जातो तो बहुतेक उतरतोही. माती भुसभुशीत करून घेऊ, खालचे दगड उचलू, एवढं करा आणि गप्प बसा. तिसऱ्या मजल्यावरचे काका माझ्या बाजूनं होते. ते आपला डावा कोपर बाहेर काढून, वाकडं जुळलेलं हाड सगळ्यांना दाखवत राहिले आणि त्यामुळे आमची बाजू आणखीच लंगडी झाली. सेक्रेटरी म्हणाले, ‘ताई, भावना समजतात, पण उद्या काही झालं तर पेपरात सोसायटीचं नाव येईल.’ पावसाळ्याआधीच्या छाटणीत खालची फांदी रीतसर परवानगी काढून कापायची, असा ठराव झाला. म्हणजे चढणंच बंद.

फांदी कापली. तिच्यावरची फांदी आता जमिनीपासून साताठ फूट जास्त वर आहे आणि तिथवर कुठल्याच पोराचा हात पोचत नाही. त्यामुळे पोरांनी वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची आणली, तिच्यावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा क्रेट ठेवला आणि मोठ्यांनी लहानांना खांद्यावर घेतलं. आमच्या आळीचा कायदा या पोरांपर्यंत पोचलेला नाही, आणि पोचायचा तरी कुठून? पहिल्याच दिवशी दुसरीतला एक मुलगा वर बसला तो उतरेना. चांगला अर्धा तास बसला. रडला नाही, पण खालीही बघेना. दोन्ही हात खोडाला आणि डोळे घट्ट मिटलेले. त्याची आई खालून ‘घाबरू नकोस हं, राजा’ म्हणत होती आणि स्वतः थरथरत होती. शेवटी इलेक्ट्रिशियनची शिडी आली.

त्यावर पुन्हा सभा झाली. फांदीचा विषय कुणी काढला नाही. वॉचमनची खुर्ची यापुढे ऑफिसात कुलपात ठेवावी, असं एकमतानं ठरलं. सध्या खुर्ची कुलपात असते आणि वॉचमन उभा असतो.